तुम्ही विचारलंत म्हणून: उंदरांचं एवढं काय?

शाळेत गेलो, लग्नाला गेलो, खानापूरच्या स्टँडवर चहाला थांबलो, तरी प्रश्न ठरलेला. "भीमगडाच्या रानात वाघ आहे, अस्वल आहे, आणि तू पोरांना उंदरांचं काय सांगालास?" दरवेळी विषय बदलतो. आज नीट सांगतो.

आधी कबूल करतो, घरात घूस शिरली की मी पिंजरा लावतो. भाताच्या पोत्यांत हेग्गण, म्हणजे तीच घूस, शिरलेलं मलाही परवडत नाही. पण म्हणून कुरतडणारं सगळं एका मापानं मोजायचं? शेकरू, साळिंदर याच गणातली. मादागास्करच्या पश्चिमेला सशाएवढा उंदीर आहे. एक जोडीदार मरेपर्यंत नर-मादी एकत्र राहतात. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचा तर शेपूट सोडूनच जवळजवळ हातभर.

बहिणीचं लग्न ठरलं त्या वर्षी जांबोटीकडच्या आमच्या जमिनीतली पाच किंजळं विकायचं मी ठरवलं. आई म्हणाली, "कडेच्या झाडावर शेकरूचं घरटं आहे, चार आठवडे थांब." मी म्हणालो, "शेकरू एकाला चार घरटी बांधतं, जाईल दुसऱ्यात." खोटं नव्हतं ते. मला माहीत होतं म्हणूनच तर आईला गप्प करता आलं.

झाड पडलं तेव्हा काटक्या-पानांचा गोळा फुटून बाजूला गेला. त्यात एकच पिल्लू, डोळे न उघडलेलं. ओठाला लाकडाचा भुसा चिकटलेला. उचललं तर इवली नखं करंगळीत रुतली. शेजारच्या जांभळावर मादी कटकट करत शेपूट आपटत होती. मग ती खोडावरून पार खाली आली, माझ्यापासून दहा पावलांवर. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. मी पिल्लू तिथंच ठेवून मागं सरायला हवं होतं. ही जात पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. मी ते टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजलं. दिवेलागणीला संपलं. आई काही बोलली नाही.

नंतर काही वर्षांनी सॉलोमन बेटांमधल्या वांगुनू या बेटाबद्दल वाचलं. तिथले लोक झाडावर राहणाऱ्या मोठ्या उंदराला 'विका' म्हणत, नारळ फोडतो म्हणत. टायरोन लॅव्हरी हे प्राणिशास्त्रज्ञ 2010 पासून त्याला शोधत होते, सापडेना. 2015 मध्ये लाकूडतोडीत एक झाड पडलं, आमच्या करमळाचंच भावंड, आणि त्यातून विका जखमी होऊन खाली आला नि मेला. त्या एका मेलेल्या जनावरावरून 2017 मध्ये जगाला ही जात कळली. जिवंत विका कॅमेऱ्यात आला तो त्याच बेटावरच्या झाइराच्या जंगलात. गावकऱ्यांनी ते तोडू दिलेलं नाही.

म्हणून सांगतो पोरांना. वाघाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत.

आता म्हणाल, मग झाडं विकलीसच कशाला? लग्न लांबवायचं होतं का? नाही, ते शक्य नव्हतं. पाचाची चार केली असती तर? पैसे कमी पडले असते, तेही खरं. मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलंय.

बहीण माहेरी आली की जेवून त्या बाजूला फिरायला जाते. बुडख्यांना फुटवे आलेत, आता माणसापेक्षा उंच. तिला पिल्लाचं मी सांगितलेलं नाही.