आमची वाटचाल : काचेची कपाटं आणि त्यातली भांडी

वडिलांनी 1968 साली चोरबाजाराजवळ गाळा घेतला तेव्हा फोर्ट, भायखळा, दादर पारशी कॉलनीतली जुनी घरं आवरली जात होती. मुलं परदेशी स्थायिक झालेली, आणि दिवाणखान्यात शिसवीचं किंवा बर्मा सागवानाचं काचेचं कपाट उभं. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांची जहाजं कापूस आणि अफू घेऊन चीनमधल्या कँटन बंदराला जात, परतताना रेशमाबरोबर चिनी मातीची भांडीही येत. पुढे इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरची बोन चायना आली, जपानचं नोरिताके आलं. एवढं सगळं मांडायला कपाट हवंच.

आमचं काम दुरुस्तीचं. पटाशी, रंधा, पातळ पात्याची करवत आणि सरसाचं भांडं. वडिलांचे पहिले भागीदार म्हणजे पॉलिशवाले चाचा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं हात मारायचे, आणि एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. स्प्रे मारलेलं कपाट त्यांनी आमच्या दारातून कधी बाहेर जाऊ दिलं नाही.

आता एक प्रसंग सांगतो, ज्यात आमचा गाळा जायची वेळ आली होती. आमच्याच गल्लीतला एक व्यापारी नवं लाकूड चहाच्या पाण्यानं काळं करायचा, ड्रिलनं किड्याची भोकं पाडायचा आणि व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, म्हणून विकायचा. एका हॉटेलवाल्याला त्यानं अशी कपाटं दिली. बिंग फुटल्यावर सांगितलं काय, तर माल आमच्याकडे तयार झाला! बाजारात अफवेला पाय लागतात. ऑर्डरी परत गेल्या, लाकूडवाला उधारी मागायला रोज दारात, कारागीर एकेक करून निघाले. गाळा विकायची बोलणी सुरू झाली होती. चाचा मात्र पगाराविना येत राहिले.

दादरच्या एक पारशी बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी त्याच दिवसांत आपलं आजीचं बाकदार काचेचं कपाट आमच्याकडे धाडलं आणि हॉटेलच्या मॅनेजरला स्वतः गाळ्यात घेऊन आल्या. चाचांनी बाईंच्या आणि हॉटेलच्या कपाटाचे खण ओढून शेजारी ठेवले. बाईंच्या खणाचे डवटेल, म्हणजे कोपऱ्यात एकमेकांत अडकणारे सांधे, हातानं कापलेले, कमीजास्त. हॉटेलच्या खणाचे सगळे अगदी एकसारखे, यंत्राचे. मॅनेजर काय समजायचं ते समजला. त्या व्यापाऱ्यानं मात्र आजतागायत एका शब्दानं कबुली दिलेली नाही, आणि मी ते विसरलेलो नाही.

नंतरची वर्षं कामात गेली.

घेणाऱ्यांना सांगतो. खरी कीड लाकडात वाकडीतिकडी फिरते. भोकात तार सरळ आरपार गेली तर ते ड्रिल समजा. बोन चायनात हाडांची राख असते, म्हणून बशी उजेडासमोर धरली की मागच्या बोटांची सावली दिसते. बशीच्या पाठीवर ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर ती साधारण विसाव्या शतकातली, कोणी 1850 ची म्हणून किंमत सांगितली तरी. सोनेरी काठाची भांडी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. बश्या एकावर एक ठेवताना मध्ये फ्लॅनेलचा तुकडा घाला, आणि कप कानाला धरून हुकावर टांगू नका. आमच्याकडे येणाऱ्या कपांचे कान बहुतेक तिथेच तुटलेले असतात.