भरती आली की रोहित (फ्लेमिंगो) कुठे जातात?

माघ पौर्णिमेच्या सकाळी आम्ही तिघे ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीच्या जेट्टीवर पाणी चढण्याची वाट पाहत बसलो होतो. पौर्णिमा-अमावास्येला इथे पहाटे सहा-सातच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते आणि दुपारी बारा-साडेबाराला उधाणाची भरती. त्यामुळे खाडीतला कार्यक्रम घड्याळ पाहून आखता येत नाही. सोबत बोट चालवणारे तांडेलकाका होते आणि कोल्हापूरहून आलेला एक तरुण चित्रकार.

निसर्गसंरक्षणाला कलेची जोड देणाऱ्या एका छोट्या गटासाठी मी निवासी कलाकारांच्या उपक्रमाचे संयोजन करते. अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय उद्यानांत कलाकाराला काही आठवडे राहण्याची सोय करून देतात आणि बऱ्याच ठिकाणी त्याने एखादी कलाकृती उद्यानाला द्यावी अशी अपेक्षा असते. या पद्धतीची मुळे जुनी आहेत. १८७१ साली थॉमस मोरान हा चित्रकार सर्वेक्षण पथकाबरोबर यलोस्टोनला गेला. त्याची जलरंगातील चित्रे आणि विल्यम हेन्री जॅक्सन याची छायाचित्रे तिथल्या संसद सदस्यांपुढे ठेवली गेली आणि मार्च १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झाले. ज्यांनी तो प्रदेश कधी पाहिला नव्हता, त्यांना तो चित्रांतून दिसला. ठाणे खाडीची अडचण नेमकी उलटी आहे. ती रोज लाखो लोकांना पुलावरून दिसते आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी थांबून पाहत नाही.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झाले. सुमारे १६९० हेक्टर क्षेत्र, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि बाकीचे पाणी व चिखल. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. चिखलात मुक्काम करणे शक्य नसल्याने चित्रकाराची पंधरा दिवसांची सोय आम्ही कोळीवाड्यातील एका खोलीत केली होती. त्याच्या हाती दिलेल्या पत्रात मी एक अट लिहिली होती: ‘काम अभयारण्याच्या हद्दीतील निसर्गावर आधारित असावे.’ सोबत हद्दीचा नकाशाही जोडला होता. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

पहिले सहा दिवस त्याने रोहित पक्षी जवळजवळ काढलेच नाहीत. चिखलातून वर आलेली तिवराची (कांदळवनातील एका झाडाची) श्वसनमुळे, त्यांच्यामधून उड्या मारणाऱ्या निवट्या मासोळ्या, बिळाच्या तोंडाशी थांबलेला खेकडा, असे तो काढत राहिला. तिवर मुळांतून आलेले जास्तीचे मीठ पानांवाटे बाहेर टाकतो, हे मी त्याला सांगितले, तेव्हा त्याने पान जिभेला लावून पाहिले आणि मग अर्धा दिवस पानावरच्या त्या पांढुरक्या थराचा रंग शोधण्यात घालवला. अशा सावकाश पाहण्यासाठीच हा उपक्रम आहे, असे मला मनापासून वाटते.

त्या सकाळी नऊच्या सुमारास बोट निघाली. उघड्या चिखलावर छोट्या रोहितांचा मोठा थवा चरत होता. चोच उलटी धरून, पाणी गाळून शेवाळ टिपत. पाणी चढत गेले तसा चिखलाचा पट्टा अरुंद होत गेला, पक्षी एकमेकांजवळ सरकत गेले. मग एक रांग उठली, तिच्यामागून दुसरी, आणि पंखांखालचा लाल-काळा रंग उघडत सगळा थवा दक्षिणेकडे निघून गेला. चित्रकाराची पेन्सिल थांबली. ‘काका, हे आता कुठे जाणार?’

‘उधाणाला यांना पाय टेकायला जागा नाय ऱ्हात,’ तांडेलकाका म्हणाले. ‘तिकडं नेरुळच्या बाजूला तळ्यांवर जातात. खाडीचं पाणी उतरलं की परत येतात. भांगाला, अष्टमीच्या बारीक भरतीला, एवढं हलत नाय.’

‘ताई, आपण तिकडे जाऊ या?’ त्याने विचारले, आणि मला माझे पत्र आठवले. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. क्षणभर मी टाळाटाळ केली, याचे मला आजही वाईट वाटते. मग आम्ही ऐरोली स्थानकावरून पनवेलकडे जाणारी लोकल पकडली, नेरुळला उतरलो आणि रिक्षाने तळ्याकाठी पोहोचलो.

ऐन भरतीची वेळ होती. उंच इमारतींची प्रतिबिंबे पडलेल्या उथळ पाण्यात शेकडो रोहित उभे होते. काही एका पायावर, मान पाठीत खुपसून झोपलेले. अशा तळ्यात भरतीचे पाणी येण्याजाण्याची वाट मोकळी असली तरच पाण्याची खोली पक्ष्याच्या पायांना पेलते. ती वाट भरावाने बुजली की तळे सुकते किंवा कुजते. अभयारण्यात चारा आणि इथे विसावा, अशी त्या पक्ष्याच्या दिवसाची दोन टोके आहेत. नकाशावरची आमची रेघ त्यांतल्या एकाच टोकाला कवेत घेत होती. इतकी वर्षे या खाडीत काम करूनही हे मला फक्त माहितीच्या पातळीवर ठाऊक होते. त्या दुपारी तळ्याकाठी बसून ते पहिल्यांदा पाहिले. अडीचनंतर पहिली रांग उठली आणि खाडीकडे परतली. चित्रकार चार वाजेपर्यंत तिथेच बसून होता.

त्याने शेवटी आठ फूट लांबीची कागदाची गुंडाळी रंगवली. डावीकडे पहाटेचा चिखल, मधोमध उडणारा थवा, उजवीकडे तळे. खाली पाण्याची चढती-उतरती रेघ. हद्दीची रेघ कुठेच नव्हती. अटींच्या पत्रातील ‘हद्दीतील’ हा शब्द मी काढला आणि त्याजागी ‘या खाडीवर जगणाऱ्या’ असे लिहिले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने ती गुंडाळी तांडेलकाकांच्या ओट्यावर उलगडली. काकांनी ती डावीकडून उजवीकडे बोटाने वाचली आणि थव्याच्या जागी बोट टेकवून थांबले.

‘इथं विजेचे मनोरे हाय, तारा हाय. त्यांच्यावरून जावं लागतं यांना. ते ऱ्हायलं.’

त्याने पुन्हा रंगांचा डबा उघडला आणि दिवा लागेपर्यंत ओट्यावर बसून तारा काढल्या.