पाणी कुठे मुरतंय?

पाण्याचं बिल आलं की मी ते वाचत नाही, रक्कम बघतो, भरतो आणि फाइलीत टाकतो, विजेच्या बिलाकडे जसं डोळे वटारून चार वेळा बघावं लागतं तसं यात कधी काही नसतंच. यावेळी मात्र रक्कम बघितली आणि वाटलं शेजाऱ्यांचं बिल चुकून आपल्याकडे आलंय, नाव वाचलं तर आपलंच, मग वाटलं मागची थकबाकी धरली असेल, तर थकबाकीच्या रकान्यात शून्य. नेहमीच्या तिप्पट! घरात माणसं तीच चार, पाहुणा म्हणून कोणी फिरकलेलं नाही, मग एवढं पाणी ढोसलं कोणी?

मग जे व्हायचं तेच झालं, नळ बिळ तपासायच्या आधी आम्ही एकमेकांना तपासायला घेतलं. पहिला नंबर लेकीचा, कारण ती शॉवरखाली गेली की तिथेच बिऱ्हाड केल्यासारखी राहते, आतून गाण्यांचा आवाज येत राहतो आणि बाहेर आम्ही टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत. तिने लगेच उलटवलं, "बाबा, तू दाढी करतोस तेव्हा पूर्ण वेळ नळ चालू असतो, मी रोज बघते." बायको म्हणाली, बरं झालं कोणीतरी बोललं. मी वॉशिंग मशीनकडे बोट दाखवलं, ही माझी चूक होती, कारण मशीनमध्ये निम्म्याहून जास्त कपडे माझे असतात हे मला तिथल्या तिथे मोजून दाखवण्यात आलं. आई खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होती, ती एवढंच म्हणाली, "मी कधीची सांगतेय, रात्री कोणीतरी नळ चालू ठेवतं." मी म्हणालो, "अगं आई, रात्री कोण उठून नळ चालू ठेवेल, शेजारचा आवाज येत असेल," आणि आम्ही परत भांडायला लागलो.

ठराव असा झाला की शॉवर बंद, प्रत्येकाला एक बादली. आणि स्वयंपाकघरातला नळ, जो सहा महिने टपटप करत होता आणि ज्याच्याकडे मी 'या रविवारी बघतो' असं दर रविवारी म्हणत होतो, तो मुख्य आरोपी. त्याच्याखाली मी घड्याळ लावून पेला ठेवला. सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, आकडा ऐकून बायकोने माझ्याकडे जे बघितलं ते सांगत नाही. पण तासाभराने पेल्यात निघालं साधारण २०० मिली. दिवसाला पाच लिटरसुद्धा नाही. थेंबे थेंबे तळं साचतं हे खरंच आहे पण वेग बघितला तर या नळाला तळं साचवायला आमच्या पुढच्या दोन पिढ्या लागल्या असत्या.

तेव्हा कुठे मी बिल नीट वाचायला घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा. एक युनिट म्हणजे हजार लिटर, हे मला माहीतच नव्हतं, मला आपलं उगाच वाटायचं की विजेच्या युनिटसारखं काहीतरी असेल. आमचं दोन महिन्यांचं बिल नेहमी ३२ युनिटच्या आसपास असतं, यावेळी ७१. म्हणजे वापर दुपटीपेक्षा थोडा जास्त, पण पैसे तिप्पट, कारण दर स्लॅबचा आहे, सुरुवातीची युनिटं स्वस्त आणि पुढची पुढची महाग, त्यामुळे जास्तीचं सगळं पाणी महागड्या स्लॅबमध्ये जाऊन पडतं. आता जास्तीची ३९ युनिटं म्हणजे ३९,००० लिटर, भागिले ६० दिवस, रोजचे ६५० लिटर! मी कॅल्क्युलेटरवर परत केलं, तेच आलं. शॉवरमधून मिनिटाला दहाएक लिटर पडतं असं धरलं तरी एवढं पाणी घालवायला लेकीने नेहमीच्या वेळेवर आणखी तासभर आणि वर पाच मिनिटं रोज शॉवरखाली उभं राहायला हवं होतं. तेवढं ती पण राहत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना तसं आम्ही बादलीची शिक्षा सुनावून बसलो होतो. मी तिला सॉरी म्हणालो, ती म्हणाली लिहून दे.

मग मी नेहमीप्रमाणे मीटरवर घसरलो. पाणी खात्यात फोन केला, तिकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं की बिलावरचं रीडिंग आणि मीटरवरचं रीडिंग जुळतंय का बघितलं का. नव्हतं बघितलं. त्या म्हणाल्या आधी ते बघा, कधीकधी रीडिंग घेताना आकडा चुकतो, कधी मीटरपर्यंत पोचता आलं नाही तर दोनतीन बिलं सरासरीने जातात आणि मग खरं रीडिंग मिळालं की मागचा सगळा फरक एकदम अंगावर येतो. आमच्या बिलावर तसं काही नव्हतं, रीडिंग जुळत होतं, मागची बिलं पण खऱ्या रीडिंगची. मग म्हटलं मीटरच पळत असेल! तर त्या म्हणाल्या अर्ज करा, तपासून देऊ, पण चाकाचं मीटर जुनं होऊन झिजलं की बहुतेक वेळा मागे पडतं, पुढे पळत नाही. म्हणजे मीटर खरंच जुनं असेल तर आतापर्यंत मी फुकटात काही पाणी वापरलेलं असण्याचीच शक्यता जास्त. मी अर्जाचा विषय तिथेच सोडला.

पण त्या निमित्ताने मीटर नीट बघितलं. झाकण उचललं, आत कोळ्याचं जाळं, काचेवर धुकं, बोटाने पुसलं तर खाली काळे आकडे आणि त्यांच्यापुढे तीन लाल आकडे, काळे म्हणजे पूर्ण युनिटं आणि लाल म्हणजे सुटे लिटर. आणि शेजारी एक छोटीशी चांदणी, शर्टाच्या बटणापेक्षा लहान, चाकासारखी. घरातले सगळे नळ बंद होते, मी स्वतः फिरून बंद केले होते, मशीन बंद, टपकणाऱ्या नळाचा खालचा कॉक बंद, आणि ती चांदणी फिरत होती. जोरात नाही, आपली संथ, थांबत थांबत, जराशी अडखळायची आणि परत निघायची. मी उकिडवा बसून किती वेळ तिच्याकडे बघत होतो कोण जाणे. चोर प्रत्यक्ष चोरी करताना दिसतोय पण कुठे ते कळत नाही असा तो प्रकार. (ज्यांच्याकडे गच्चीवर टाकी आहे त्यांनी आधी टाकीचा कॉक बंद करावा, नाहीतर टाकी भरतेय म्हणून चांदणी फिरेल आणि तुम्ही फरशी फोडायला माणूस बोलवाल. आमच्याकडे मीटरमधून थेट नळाला पाणी, तेही चोवीस तास, त्यामुळे ती भानगड नव्हती.)

मीटरनंतरचा मेन कॉक बंद केला, चांदणी थांबली. म्हणजे जे काय आहे ते घरातच. भिंतीत असेल तर संपलंच, असं म्हणत मी भिंतींवरून हात फिरवत हिंडलो, कुठे ओल नाही, कुठे पोपडा नाही, खाली राहणाऱ्यांना विचारलं तर त्यांचं छतही कोरडं. रोज ६५० लिटर पाणी घरात सांडतंय आणि पायपुसणंसुद्धा ओलं होत नाही!

खात्री करायला एक रात्र मोजायची ठरवली. अकराला सगळे झोपायच्या आधी रीडिंग लिहिलं, लाल आकडे ६१४. आई रात्री एकदोनदा उठते, तिला सांगितलं आज फ्लश दाबू नकोस, बादली भरून ठेवलीय त्यातलं पाणी टाक. ती म्हणाली, "त्या नळवाल्याला पण सांग, रात्रीचा बंद कर म्हणावं." मी हसलो. सकाळी सहाला गेलो तर लाल आकडे ८०३. घर गाढ झोपलेलं असताना सात तासांत १८९ लिटर! तासाला सत्तावीस, मिनिटाला अर्ध्या लिटरला थोडं कमी, आणि दिवसाचे केले तर बरोबर आमचे ६५० च्या जवळ. हिशोब इतका जुळला की मला आनंद झाला, बायको म्हणाली आनंद कसला होतोय तुला.

आणि तिथे मीटरजवळ, हातात टॉर्च धरून उभं असताना, मला आईचं बोलणं पहिल्यांदा ऐकू आलं.

आत गेलो, तिला विचारलं, नळाचा आवाज नक्की कुठून येतो गं? तिने पलंगावरूनच हात केला, तिच्या खोलीला लागून असलेल्या संडासाकडे. मी दार लावून आत उभा राहिलो. आधी काहीच नाही. मग एकदम बारीक 'हिस्सस', दहाएक सेकंद, आणि बंद. परत शांत. परत 'हिस्सस'. दिवसा ट्रॅफिक, टीव्ही, मिक्सर यांत हे कोणाला ऐकू येणार, आणि रात्री सगळ्यांचे नळ बंद झाले की पाइपमध्ये प्रेशर वाढतं, त्यामुळे आवाजही वाढतो, तो ऐकायला जागं फक्त आईच.

फ्लशच्या टाकीचं झाकण काढलं, आत खाण्याच्या रंगाचे आठदहा थेंब टाकले, लाल रंग, आणि फ्लश न करता वाट बघत बसलो. वीस मिनिटं थांबा असं प्लंबर फोनवर म्हणाला होता, इथे पाचव्या मिनिटालाच कमोडच्या मागच्या भिंतीवरून गुलाबी रेघ खाली उतरायला लागली. तीच रेघ इतके दिवस बिनरंगाची वाहत होती, पांढऱ्यावर पाणी, दिसणार काय, आम्ही चौघेही रोज तिच्यासमोर येऊन जात होतो. टाकीच्या तळाशी जे रबर असतं, फ्लश दाबला की उचललं जातं आणि मग परत बसतं, ते नीट बसतच नव्हतं, पाणी खालून थेट कमोडमध्ये आणि तिथून ड्रेनेजला, त्यामुळे ओल नाही, पोपडा नाही, डबकं नाही. टाकी थोडी रिकामी झाली की बॉलकॉक उघडून ती परत भरायचा, तोच आईचा 'नळवाला'.

प्लंबर आला, खालचा अँगल कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, रबर काढून माझ्या हातात दिलं. बोटं काळी झाली, ते रबर आता रबर राहिलंच नव्हतं, चिखलासारखं चिकट झालेलं आणि एका कडेला वाकलेलं. जिथे ते बसायचं त्या रिंगेवर क्षाराचा एक खडा, तिळाएवढा. त्याने नखाने खरवडला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हेच." एवढ्याशा गोष्टीला त्याने एकच शब्द वापरला हे मला जरा लागलं, मी घरातल्या तीन माणसांची अब्रू काढली होती यासाठी. नवीन रबर बसवलं, बॉलकॉक जरा खाली केला कारण पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या अगदी तोंडाशी जात होतं, आणि पंधरा मिनिटांत तो गेला. जाता जाता स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशरही बदलून गेला. निर्दोष सुटला बिचारा, पण वॉशर बदलला गेला.

बिल भरलं, पूर्ण. पाणी तर आमच्याच मीटरमधून गेलं, कोणाशी भांडणार. आणि दुरुस्ती झाली तेव्हा नव्या बिलाचे दोन आठवडे संपले होते, त्यामुळे पुढच्या बिलातही थोडा चटका बसणार आहे, ते मी घरात अजून सांगितलेलं नाही.

दर रविवारी सकाळी आता मी रीडिंग घेऊन कॅलेंडरच्या मागे लिहितो. लेकीचा शॉवर परत सुरू झाला, दाढी करताना मी नळ बंद करायला लागलोय, कोणी बघत असेल तर नक्कीच. त्या रात्री झोपताना आईच्या खोलीत डोकावलो, विचारलं, आता येतो का गं आवाज? ती जरा वेळ कान देऊन राहिली आणि म्हणाली, "नाही. पण तुमच्या खोलीतला पंखा कुरकुरतो, तो कधी बघणारेस?"

रविवारी बघतो म्हणालो.