ह्रस्व-दीर्घाचा राग

कोल्हापूर हे नाव लिहिताना ‘पू’ दीर्घ काढावा लागतो, कारण गावाच्या नावाच्या अखेरीस येणारे ‘पूर’ दीर्घ लिहावे असा नियमच आहे. मात्र गावात पाऊल टाकले, म्हणजे ‘कोल्हापुरात’ आलो, की तोच उकार ह्रस्व होतो, आणि चप्पल, मिसळ किंवा फेटा यांच्या आधी येऊन बसला तरी ‘कोल्हापुरी’ असा ह्रस्वच राहतो. मोबाईलवर येणाऱ्या जाहिरातींत नेमके याच्या उलट घडते: गाव ‘कोल्हापुर’ होते आणि चप्पल ‘कोल्हापूरी’. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेची विक्री त्या उकारापायी अडल्याचे ऐकिवात नाही. चप्पल लाईनीतले, म्हणजे इथल्या चपलांच्या बाजारातले गिऱ्हाईक तळ दाबून बघते, शिलाई बघते, करकर ऐकते आणि भाव पाडून घेते. तरीही मला तो उकार दिसतो आणि खुपतो, आणि खुपला की लगेच प्रश्न पडतो, की या खुपण्यात भाषेची काळजी किती आणि आपण शिकलेले असल्याचा तोरा किती.

चुका हल्लीच वाढल्या, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चुका पूर्वीही होत, पण त्या आंतर्देशीय पत्राच्या घडीत राहत, आणि लिहिणारा व वाचणारा यांच्याखेरीज फार तर पत्र वाचून दाखवणाऱ्या पोस्टमनला त्या कळत. छापून येणाऱ्या मजकुरावरून मुद्रितशोधकाची नजर फिरलेली असे. ज्याला आपण ‘पूर्वीचे शुद्ध मराठी’ म्हणून उसासे टाकतो, त्यातले बरेचसे या माणसाच्या पेनाचे काम होते. समाजमाध्यमांवर हा मधला माणूस उरला नाही, आणि शाळा सुटल्यानंतर सही व वाणसामानाची यादी यांपलीकडे काही न लिहिलेली माणसे आता सकाळपासून रात्रीपर्यंत लिहीत असतात. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ते सगळ्यांच्या हाती अक्षर यावे म्हणूनच. ते आले आणि लोक लिहू लागले, की आपण पहिल्यांदा त्यांच्या वेलांट्या मोजायला बसावे, हे या गावाच्या माणसाला तरी शोभत नाही.

शिवाय कित्येक चुका माणसाच्या नसून कळफलकाच्या असतात. रोमन अक्षरे टंकून देवनागरी मिळवणारा माणूस यंत्राने सुचवलेला पहिला शब्द उचलतो आणि पुढे जातो. ‘ऱ’ हे अक्षर पुष्कळ कळफलकांवर चटकन हाती लागत नाही, म्हणून ‘शेतकऱ्यांना’ मिळणारे अनुदान ‘शेतकर्यांना’ मिळते. अर्थाला सहसा धक्का लागत नाही. पण ‘लग्नाच्या जेवणाचे आचार्यांना सांगितले आहे’ असे वाचले की पंगतीत प्रवचन होणार की काय, अशी शंका येते, कारण आचाऱ्यांचे आचार्य व्हायला एवढेच पुरते. ‘शिक्षक दीनाच्या शुभेच्छा’ हा विनोद तर आता इतका जुना झाला आहे, की काही शिक्षकांना तो वस्तुस्थितीला धरून वाटतो.

नियमही काही आभाळातून पडलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले (आपले शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षीचे) आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्याआधीच्या पिढीने ‘नांव’, ‘पांच’, ‘घरांत’, ‘तें’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार मोठ्या निष्ठेने दिले होते, ते या नियमांनी काढून टाकले, आणि जुन्या वळणाच्या वाचकाला माणसाचे ‘नाव’ नदीतल्या होडीसारखे दिसू लागले. माझ्या आजोबांच्या पत्रांचे आज शाळेत गुण कापले जातील. त्यांनी हा लेख वाचला असता, तर माझेही कापलेच असते.

आणखी मागे गेले तर शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याची अधिकच पंचाईत होते. करवीर संस्थानचा कारभार मोडी लिपीत चाले आणि ते कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आजही आहेत. मोडी लिहिताना आधी पानाच्या रुंदीभर आडवी रेघ ओढायची आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली मजकूर लिहीत जायचा. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, विरामचिन्हे द्यायची नाहीत, आणि इकार-उकारांतला ह्रस्व-दीर्घ भेद तर सहसा पाळायचाच नाही. इनामे, सारा, वतनांचे तंटे, सगळे एकाच वेलांटीत भागत होते आणि त्यापायी राज्य बुडाले नाही. पण हा दाखला देऊन जे ‘मग आता तरी नियम कशाला?’ असे विचारतात, ते एक गोष्ट विसरतात. मोडीचा कागद वाचणारा कारकून कसलेला असे, मायने (पत्राच्या सुरुवातीचा ठरीव मजकूर) आणि शिरस्ते त्याला तोंडपाठ असत, आणि कागदात काय असणार हे त्याला निम्मे आधीच ठाऊक असे. आजचा संदेश कोणीही, कुठेही, बसमध्ये लोंबकळत, अर्धवट लक्ष देऊन वाचतो. वाचणारा जितका अनोळखी, तितके लिहिणाऱ्याने नेटके लिहायला हवे.

वाचणारा ओळखीचा असला की मात्र हिशेब बदलतो. आमच्या घरच्या गटावर आत्त्यांचा संदेश येतो, ‘निघालो. अर्ध्या तासात पोचतो.’ पुण्याहून लग्न होऊन आलेल्या वहिनींनी सुरुवातीला, ‘आत्त्यांच्या फोनवरून दुसरं कोणी लिहितं का?’ असे विचारले होते. कोल्हापूरकडे बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात. ती व्याकरणातली चूक नसून या भागाची रीत आहे, आणि आत्त्यांनी कधी ‘मी निघाले’ असे लिहिले, तर त्यांची प्रकृती बरी आहे ना, हे विचारायला मी फोन करीन. पात्राच्या तोंडी ‘केले’ऐवजी ‘केलं’ लिहायची मुभा खुद्द नियमांनीच दिलेली आहे, आणि घरच्या गटावर आत्त्या बोलतच असतात, फक्त बोटांनी.

हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे ऑनलाईन भांडणांत लेखनाचे नियम हत्यार होतात. वाद पाण्याच्या दराचा असो वा गावातल्या तालमींच्या संघांमधल्या फुटबॉल सामन्याचा, मुद्दा संपला की एक जण समोरच्याच्या ‘आनि’, ‘पानी’वर बोट ठेवतो आणि ‘आधी मराठी लिहायला शिका’ असे सांगून विजयी होतो. अशा माणसाला दुसऱ्याचा ‘न’ कोसभरावरून दिसतो. स्वतःच्या वाढदिवसाच्या फलकावरचे ‘शुभेच्छूक’ मात्र दिसत नाही, कारण तिथला दीर्घ उकार त्याच्याच मंडळींनी दिलेला असतो. ‘ण’ न येण्यावरून माणसाचे गाव आणि जात हुंगता येते, ह्रस्व-दीर्घावरून तितके जमत नाही, आणि हसण्याची निवड त्यावरून होते, असे माझे स्पष्ट मत आहे. भाषेच्या प्रेमाशी त्याचा संबंध नाही.

ज्या चुकीने मला खरोखर अस्वस्थ केले, ती कोणत्याही शुद्धलेखनाच्या पुस्तकात चूक म्हणून सापडणार नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली, की गावातल्या प्रत्येक गटावर रस्त्यांची चौकशी सुरू होते. अशाच एका संध्याकाळी कोणीतरी विचारले, ‘केर्लीजवळचा रस्ता बंद आहे का?’ आणि उत्तर आले, ‘नाही बंद’. लगेच दुसऱ्याने विचारले, ‘मग सुरू नाही का?’ त्यावर तेच उत्तर पुन्हा आले, ‘नाही बंद’. पहिल्या उत्तरावरून रस्ता सुरू ठरतो. दुसऱ्यात ‘नाही’पुढे स्वल्पविराम मानला तर बंद, न मानला तर सुरू. मोटारीत बायकापोरे घेऊन रत्नागिरीच्या वाटेला लागू पाहणाऱ्या माणसाने यातून काय उमजावे? त्याच दिवशी ‘४० फुट’ असे ह्रस्व लिहिलेले आकडे शेकड्यांनी फिरत होते आणि त्यांत कोणाचेही काही अडले नाही, कारण ‘फूट’ ह्रस्व लिहिल्याने पाणी कमी होत नाही. तारीख न घातलेला संदेश त्याहून वाईट. गेल्या वर्षीचा पूर या वर्षी पुन्हा गावात शिरतो, आणि त्या संदेशातले शुद्धलेखन अनेकदा निर्दोष असते.

म्हणून आता मी राग वाटून घेतला आहे. घरच्या गटाला त्यातले काही नाही. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर ‘भावपुर्ण श्रध्दांजली’ असे असले तरी तिथे थांबून वेलांट्या तपासणे हा उद्धटपणा आहे. तो मजकूर रात्री उशिरा, रडवेल्या पोरांनी सांगितला तसा कोणीतरी घाईत टंकलेला असतो. विक्रेत्यांच्या ‘कोल्हापूरी’ला थोडासा राग. वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके आणि सरकारी कार्यालये यांच्या वाट्याला मात्र पुरता राग ठेवला आहे, कारण लिहिणे हे त्यांचे पगारी काम आहे, आणि ‘शुद्ध’ हा शब्दच ‘शुध्द’ असा लिहिणाऱ्या परिपत्रकाला मोबाईलच्या कळफलकाची सबब सांगता येत नाही. परवा एका कार्यालयाची सूचना फिरत आली, ‘शनिवारी पाणी पुरवठा बंद राहिल’. ‘राहील’ दीर्घ हवे आणि ‘पाणीपुरवठा’ जोडून हवा, हे कळवायला मी फोन उचलला खरा. पण सूचनेत शनिवार म्हणून दिलेली तारीख रविवारची होती, तेव्हा आधी पाणी नक्की कोणत्या दिवशी येणार नाही ते विचारून घेतले, आणि घागरी भरून ठेवल्यावर वेलांटीसाठी पुन्हा फोन केला.