झाकणाला चिकटलेलं प्रोटीन

महिनाभर वाट बघून शेवटी लॅबमधे प्रोटीनचं कुरिअर आलं. थर्माकोलचा मोठा बॉक्स, आत जेल पॅक, आणि एवढ्या सगळ्या तामझामात मधे बोटाच्या पेराएवढी एक व्हायल, म्हणजे बारकी बाटली, ती पण रिकामी! म्हणजे रिकामी नसते, दिसते तशी. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाखावा भाग, तो काय डोळ्याला दिसणार. आणि मी काय केलं, तर उत्साहात डायरेक्ट झाकण उघडलं. आधी सेंट्रिफ्यूजला, म्हणजे गरगर फिरणाऱ्या मशीनला लावून, फिरवून पावडर तळाला बसवायची असते हे ज्युनिअर पोरांना मीच शिकवते. असो.

प्रोटीनचं नाव रँकल. माणसाचं जीन ई. कोलाय बॅक्टेरियात घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेलं, म्हणून रिकॉम्बिनंट. याला नावं किती तर चार. 1997-98 मधे वेगवेगळ्या लॅब एकाच वेळी याच्या मागे लागल्या होत्या, इम्युनिटीवाल्यांना ते टी सेल्समधे (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमधे) सापडलं त्यांनी रँकल आणि ट्रान्स म्हटलं, हाडवाल्यांनी ओपीजीएल आणि ओडीएफ. आमच्या घरी नाही का, रेशनकार्डावर एक नाव, आजीचं वेगळं, गल्लीतलं तिसरंच, आणि पोरगं एकच. त्यात ओडीएफवाली टीम जपानमधल्या एका दूध डेअरी कंपनीची होती, हे मला अजून भारी वाटतं.

काम काय याचं? हाड खाणाऱ्या पेशींना, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना, तयार व्हा म्हणून सांगायचं. हाड सतत उकरलं जातं आणि सतत भरलं जातं. सध्या नाशकात सिंहस्थाच्या नावाने रस्ते खणलेत ना, तसंच, फक्त शरीरात खणणारा आणि बुजवणारा एकमेकांशी बोलून काम करतात. वय झालं, बायकांची पाळी गेली की खणणारा पुढे निघून जातो आणि बुजवणारा मागे राहतो. मग हाड ठिसूळ.

पण म्हणून रँकल व्हिलन नाही हां. 1999 मधे हे जीनच काढून टाकलेले उंदीर तयार केले होते, त्यांची हाडं दगडासारखी घट्ट झाली, दात हिरडीतून वर आलेच नाहीत, आणि अंगात लिम्फ नोड्सच (रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या छोट्या गाठी) नव्हते. दात वर यायला पण आधी वरचं हाड थोडं खावं लागतं, हे वाचलं तेव्हा मी पाच मिनिटं नुसती बसून होते.

तर माझं काय झालं, ऑस्टिओक्लास्ट तयार व्हावेत म्हणून हे रँकल डिशमधल्या पेशींना दिलं आणि पाच दिवसांनी त्या स्टेन केल्या, म्हणजे रंगवल्या. जमलं की वाइनसारख्या लालसर, मोठ्या, पसरट पेशी दिसतात, तीन किंवा जास्त न्यूक्लियस (पेशीची केंद्रं) असतील तर ऑस्टिओक्लास्ट म्हणून मोजायची. डिशच्या एका खळग्यात मोजून चार! बाकी सगळ्या लहान, गोल, सुस्त. माझी पावडर बहुतेक झाकणालाच राहिली आणि झाकण मी कचऱ्यात टाकलं होतं. गाईडना सांगताना घाम फुटला. ते एवढंच म्हणाले, ‘बरं, आता फिरवून उघडशील.’ ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी हे आईला सांगत होते. ती मागच्या वर्षी किचनमधे घसरली, मनगट मोडलं, तेव्हापासून दर सहा महिन्यांनी पोटाला डेनोसुमॅबचं इंजेक्शन घेते. डेनोसुमॅब ही अँटीबॉडी, म्हणजे एकाच गोष्टीला नेमकं चिकटणारं प्रोटीन, ती शरीरातल्या रँकललाच पकडून ठेवते, अमेरिकेत 2010 ला मंजुरी मिळाली. आई मेथी निवडत ऐकत होती, मधेच थांबली, म्हणाली, ‘म्हणजे तू जे एवढे पैसे घालून आणतेस, ते माझ्या अंगातून गप्प करायला मी वेगळे पैसे भरते?’

हो, अगदी तेच!

एक मात्र, कुणाच्या घरी हे इंजेक्शन चालू असेल तर डोस पुढे ढकलू नका, आणि डॉक्टरना न विचारता बंद तर अजिबात नको. थांबवलं की अडवून ठेवलेलं खणकाम एकदम जोरात सुरू होतं आणि मणके मोडलेल्या केसेस आहेत. आईचा पुढचा डोस दिवाळीनंतर आहे, तारीख फ्रीजच्या दारावर चिकटवलीय. नवी व्हायल सोमवारी येतेय.