इयाचं खोरं: वेलींचा पूल आणि तुटका सोबा

शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा प्रांतातलं इया खोरं इतकं उभं आहे की भातखाचरांना जागाच नाही. ओचिआई गावात सगळ्यांत खालच्या आणि सगळ्यांत वरच्या घराच्या उंचीत 390 मीटरचा फरक! त्यामुळे उतारावर जे तग धरतं, तेच इथल्या पानात येतं.

ओकायामाहून ‘नानपू’ एक्स्प्रेसने पावणेदोन-दोन तासांत ओबोके हे इयाजवळचं स्टेशन. शहरातली सुइका, इकोका ही रेल्वेभाड्याची टेकवायची कार्डं इथे चालत नाहीत. कार्ड टेकवून ओकायामाला आत शिरलात तर उतरताना खोळंबा ठरलेला, म्हणून कागदी तिकीटच काढा. ओबोकेहून वेलींच्या पुलाकडे जाणारी बस दिवसातून मोजक्याच वेळा असते. पुलापाशी उतरल्या उतरल्या परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवावा. बसच्या भाड्यासाठी सुटी नाणी जवळ ठेवा.

कझुराबाशी हा वेलींचा पूल 45 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि पाण्यापासून 14 मीटर उंच. किवीच्या जातीतल्या जंगली वेलींनी तो विणतात आणि दर 3 वर्षांनी नव्याने बांधतात. आतून पोलादी तारा आहेत, तेव्हा तुटायची भीती नको. खरी पंचाईत पायाखाली आहे. आडव्या ओंडक्यांमध्ये पाऊल जाईल एवढ्या फटी आहेत आणि त्यांतून थेट नदी दिसते. पाऊल ओंडक्याला समांतर टाकलं की ते फटीत घसरतं, म्हणून तळवा दोन ओंडक्यांवर आडवा पडेल असा ठेवायचा आणि एक हात कडेच्या वेलीवर. सैल चपला नकोत, मोबाइल खिशात. वाहतूक एकाच दिशेने, त्यामुळे मध्यावर धीर सुटला तरी पुढेच जावं लागतं. पाऊस पडून गेला असेल तर ओंडके निसरडे होतात.

पूल झाला की खाणं. इया सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. चिकटपणासाठी गव्हाचं पीठ जवळजवळ घालत नाहीत. कुट्टूत ग्लूटेन नाही, म्हणून शेवई जाड, आखूड आणि पटकन तुटणारी. ती काड्यांनी उचलायला गेलात तर निम्मी वाडग्यातच राहते. वाडगा तोंडाशी नेऊन रश्शाबरोबरच ओढून घ्यावी, इथे ते अजिबात वावगं दिसत नाही. शाकाहारी मंडळींनो, रस्सा सुक्या मासळीचा असतो. थंड सोबा ज्यात बुडवून खातात त्या पाण्यातही तीच, त्यामुळे ‘थंड मागवू’ ही पळवाट चालत नाही.

मला जास्त आवडतो तो देकोमावाशी. एका लांब काडीवर छोटा बटाटा, घट्ट ‘दगडी’ तोफू आणि कोन्न्याकूचा तुकडा. कोन्न्याकू म्हणजे सुरणाच्याच कुळातल्या कंदाचा, चुन्याने घट्ट केलेला लिबलिबीत गोळा. त्यावर गोडसर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) चोपडून काडी निखाऱ्यांभोवती राखेत उभी खोचतात आणि मधूनमधून फिरवतात. मिसोतली साखर लगेच करपते, म्हणून आच लांबूनच. कडा काळपट झाल्या की लगेच खा. गार झाला की कोन्न्याकू रबरासारखा लागतो. मिसोत मासळीचं पाणी आहे का, ते मात्र विचारूनच घ्या. शेजारी त्याच निखाऱ्यांवर मिठातले नदीचे मासे भाजत असतात.

ओकु-इयातले, म्हणजे खोऱ्याच्या आतल्या भागातले, वेलींचे जुळे पूल (एक 44 मीटरचा, एक 22 मीटरचा) गर्दीपासून दूर आहेत, पण भाड्याची गाडी हवी. भारतातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो आणि गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. रस्ता बऱ्याच ठिकाणी एकाच गाडीपुरता रुंद आहे, पण गाड्या दोन्ही बाजूंनी येतात. वळणावरच्या गोल आरशात समोरची गाडी दिसली तर रुंद जागा गाठून थांबायचं. हिवाळ्यात हे पूल बंद असतात.