त्याचं 'नको'

रविवार, रात्री साडेदहा

उद्या कॉलेजात एक पान द्यायचं आहे. विषय आहे 'अध्ययन आणि वर्गातलं तंत्रज्ञान : माझी धारणा'. विशेष बी.एड.चं, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याच्या अभ्यासक्रमाचं, दुसरं वर्ष, शाळेतली इंटर्नशिप अर्ध्यावर आली आहे, तेव्हा हे पान कधीतरी मागितलं जाणारच होतं. तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा पहिल्याच ओळीत व्हायगॉट्स्की, मुलं कशी शिकतात यावर लिहिणारा तो रशियन मानसशास्त्रज्ञ, आला आणि पुढे माझं असं काही सुचेना. म्हणून आधी इथे लिहिते. मनात बुधवारच अडकून बसला आहे, तर त्याच्यापासूनच.

माझी शाळा दादरला. वर्गात आठ मुलं. खिडकीजवळ व्हीलचेअरवर बसतो तो नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी असलेला. नाव इथे लिहीत नाही. हात ताठ होतात, तोंडातून शब्द येत नाहीत, कान आणि डोळे मात्र सगळीकडे असतात. त्याच्यासाठी मी टॅब मागून घेतला आणि त्यात चित्रं दाबली की बोलणारं ॲप टाकलं. 'जेलो' म्हणून आहे, पवईच्या आयआयटीत तयार झालेलं. त्याला बोट उघडून टेकवता येत नाही, मुठीची कड टेकते. म्हणून चित्रं मोठी आणि मोजकी ठेवली, स्पर्श जरा टिकला तरच शब्द उमटेल असं करून घेतलं. नाहीतर मूठ सरकताना वाटेतली सगळी चित्रं बोलत सुटतात.

पाणी, भूक, शू, दुखतंय, खेळ, घरी, गाणं. सात चित्रं मी निवडली होती आणि निवड चांगली जमली असं मला वाटत होतं. आज त्या यादीकडे पाहते तर तिच्यातली निम्मी त्याला सांभाळणाऱ्यांच्या सोयीची आहे. त्याला काय हवं ते आम्हाला कळावं, एवढंच तिच्यात होतं. आम्ही केलेलं त्याला पटलं नाही, हे सांगायला एक शब्द नव्हता. नऊ वर्षांच्या मुलाच्या दिवसातले निम्मे शब्द तर तेच असतात!

बुधवारी आठवं चित्र टाकलं, 'नको'.

त्याने ते दाबलं. पोह्यांना नको. गोष्टीला नको. मी खुर्ची फळ्याकडे वळवायला गेले तर नको. मग नुसतंच नको, नको, नको, माझ्याकडे बघत. चेहरा असा उजळला होता की मला रडू आलं, मी पाठ फिरवून खिडकी लावायच्या निमित्ताने उभी राहिले. पोहे परत डब्यात ठेवले, खुर्ची होती तिथेच राहू दिली. शब्दाने जगात काहीतरी हललं पाहिजे, तरच तो पुन्हा उच्चारावासा वाटतो.

आणि अकरा वाजता मी काय केलं? गणिताचा पाठ होता, दुसऱ्या एका मुलीसाठी मोजणीचा खेळ त्याच टॅबवर होता. मी त्याच्या पुढ्यातून टॅब उचलला. "दोन मिनिटं हं," म्हटलं. ती चाळीस मिनिटं झाली. त्याने आधी टॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नंतर खिडकीबाहेर.

परतताना गाडीत कुर्ला येईपर्यंत मला ते उमगलं नव्हतं. उमगलं तेव्हा उभ्या गर्दीत अंगावर काटा आला. वर्गात एखादं मूल फार बोललं तर आपण त्याला गप्प बस म्हणतो. त्याची जीभ काढून कपाटात ठेवत नाही. मी तेच केलं होतं.

घरी आल्यावर 2016चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा पुन्हा काढला. परीक्षेसाठी त्यातले दिव्यांगत्वाचे 21 प्रकार पाठ केले होते, आधीच्या 1995च्या कायद्यात सातच होते हेही पाठ. पण कलम 17 मी नीट वाचलंच नव्हतं. पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि योग्य सहाय्यक साधनं लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत मोफत द्यावीत, असं तिथे आहे. विद्यार्थ्यांना द्यावीत. शाळेच्या कपाटाला नव्हे. चष्मा असाच असतो ना मुलाचा? सुट्टी झाली म्हणून कुणी तो काढून ठेवून घेत नाही. माझ्या पानावर पहिली धारणा हीच जाणार : बोलण्याचं साधन बक्षीस म्हणून द्यायचं नाही, शिक्षा म्हणून काढायचं नाही, दुसऱ्या कामाला उसनं घ्यायचं नाही.

गुरुवारी पाऊस. टॅब चार्ज नव्हता. त्याला सोडायला आलेल्या आईला मी हे सांगून माफी मागायला लागले, तर ती गोंधळली. दोन घरी पोळ्या करून ती त्याला घेऊन येते, थांबायला वेळ नसतो. तरी थांबली. म्हणाली, "टीचर, घरी तो डोळ्यांनी सांगतो की. वर बघितलं की हो. खाली बघून डोळे मिटले की नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. त्याची फाइल मी दोनदा वाचली होती. निदान, टक्केवारी, फिजिओथेरपी, वैयक्तिक शिक्षण आराखडा, सगळं होतं. नऊ वर्षं चालत आलेली भाषा मात्र कुणी आईला विचारून लिहून घेतली नव्हती. मीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खुर्चीच्या ट्रेवर चिकटवलं : 'मी वर बघितलं म्हणजे हो. खाली बघून डोळे मिटले म्हणजे नाही. मला वेळ द्या.' तीच आठ चित्रं कागदावर काढून लॅमिनेट केली. पावसात चालतात, चार्ज लागत नाही. डब्याच्या सुट्टीत शाळेतल्या मावशींनी ते वाचलं, त्याला विचारलं, "भाजी देऊ का रे?" आणि वर बघण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या. पाच-सहा सेकंद गेले असतील. इतकं थांबणं मला अजून जमत नाही, मी चार सेकंदांत दुसरा प्रश्न विचारते.

या मुंबईत 1972 मध्ये मिठू अलूर यांनी कुलाब्यात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली तेव्हा टॅब कुठे होते? त्याच्याही आधी, 1945 मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि शंख-शिंपले, बिया हेच मुलांचं साहित्य झालं. माझी आई विक्रोळीत अंगणवाडी चालवते, तिच्याकडे चिंचोके आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवरची चित्रं असतात. साधन स्वस्त की महाग हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. त्याने मुलाला काय करता येऊ लागलं, हे मी बघेन.

वर्गात भिंतीवर मोठा स्क्रीन आहे. त्यावर बडबडगीतं लावली की मुलं शांत बसतात आणि बाहेरून जाणारा म्हणतो, वा, वर्ग छान चाललाय. मला त्या शांततेची भीती वाटते. स्वमग्न असलेला एक मुलगा तेव्हा कान दाबून कोपऱ्यात जातो. शुक्रवारी मी आवाज पूर्ण बंद करून चित्रं तेवढी ठेवली, तर तो स्वतःहून उठून स्क्रीनपाशी आला आणि बोटाने मासे मोजू लागला. अडचण त्याच्या लक्ष न देण्यात नव्हतीच.

याच्या उलट एक गोष्ट लिहून ठेवायची आहे, कारण तिच्यावरून मैत्रिणीशी वाद झाला. ती म्हणते, फोन आता सगळं वाचून दाखवतो, मग अंध मुलांना ब्रेल कशाला शिकवायचं? मी तिला विचारलं, 'दिन' आणि 'दीन' फोनने वाचले तर फरक कळेल का? कानाला दोन्ही जवळपास सारखेच. ब्रेलमध्ये अक्षरं सहा उठावदार ठिपक्यांतून बनतात. ऱ्हस्व इ म्हणजे दुसरा आणि चौथा ठिपका, दीर्घ ई म्हणजे तिसरा आणि पाचवा. बोटाखाली साफ वेगळे. आणि एक फार सुंदर गोष्ट : डोळस माणूस पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतो, ब्रेलमध्ये ती अक्षरानंतर येते, जशी तोंडातून येते तशी. फक्त ऐकत वाढलेल्या मुलीला शुद्धलेखन कुठून येणार? फोन तिच्या हातात असू दे, जरूर असू दे, त्याच्यामुळे ती आजचं वर्तमानपत्र आज वाचते. पण लिहिणं तिच्या बोटांचं असलं पाहिजे. मैत्रिणीला पूर्ण पटलं नाही. पुन्हा बोलू.

व्हायगॉट्स्कीही पानावर येईल, पण शर्टाच्या बटणावरून. बटण लावायला शिकवताना आम्ही शेवटून सुरू करतो. काजात बटण अर्धं घालून द्यायचं, मुलाने फक्त ओढून बाहेर काढायचं. मग हळूहळू एकेक पायरी मागे. म्हणजे पहिल्या दिवसापासून काम पुरं होतं ते मुलाच्याच हातून. मूल मदतीने काय करू शकतं तिथून शिकणं सुरू होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं ते त्या बटणाने. आणि मदत कधी काढून घ्यायची हे ओळखणं किती कठीण आहे, तेही.

ॲपमधला आवाज मोठ्या बाईचा आहे. तो मुलगा आणि बोलते बाई, हे मला बरेच दिवस खटकत होतं. आपल्या आवाजात शब्द भरता येतात, म्हणून शनिवारी त्याच्या दादाला बोलावलं. दादा अकरा वर्षांचा. त्याने सगळी चित्रं पाहिली आणि विचारलं, "टीचर, यात आऊट कुठे आहे?"

मला कळेना. तर म्हणाला, लालबागला त्यांच्या चाळीत क्रिकेट असतं आणि अंपायर हाच असतो. वर बघितलं की आऊट. भांडण झालं तर सगळे याच्याच डोळ्यांकडे बघतात.

आऊट, नॉट आऊट, नो बॉल, आणि 'परत टाक'. दादाने चारही शब्द मोठ्याने भरले, 'परत टाक' दोनदा, पहिला पुरेसा रागावलेला वाटला नाही म्हणून. 'नको' त्याने आपल्या आवाजात पुन्हा भरून घेतलं. सोमवारी टॅब त्याच्याबरोबर घरी न्यायची परवानगी मागायची आहे. मुख्याध्यापिका काय म्हणतील माहीत नाही. अर्ज लिहून ठेवला आहे, कलम 17सकट.